पाण्याखालचा परवाना

हिंदुस्थान आणि सिंहलद्वीप यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले वेचण्याचा जो धंदा कित्येक शतके चालत आला, त्यात पायाशी दगड घेऊन पहिला पाणबुड्या नावेच्या काठावरून खाली जाण्याआधी एका मांत्रिकाची अनुमती लागत असे. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या किनाऱ्याने गेलेल्या मार्को पोलोने नमूद करून ठेवले आहे की, मोती काढविणारे व्यापारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजाला देत आणि विसावा हिस्सा मोठ्या हिंस्र माशांना मंत्राने जखडून ठेवणाऱ्या ब्राह्मणांना देत; आणि हे मंत्रवेत्ते दिवस मावळताच आपला मंत्र मागे घेत, म्हणजे रात्री चोरून बुडी मारण्याचे धाडस कोणास होऊ नये. पुढे त्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल आला, मग डचांचा, मग इंग्रजांचा. राज्यकर्त्यांचा धर्म बदलला, नाणी बदलली, इजाऱ्याच्या शर्ती बदलल्या, पण मांत्रिक आपल्या जागी राहिला, आणि सिलोनच्या इंग्रजी सरकारने तर त्याला वेतन लावून दिले. त्याच्या मंत्रावर गोऱ्या अंमलदारांचा विश्वास होता असे नव्हे. तो किनाऱ्यावर हजर नसेल तर एकही पाणबुड्या पाण्यात उतरणार नाही, आणि पाणबुडे उतरले नाहीत तर महसूल बुडेल, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता.

या मांत्रिकाला भोळ्या समजुतीचा एक नमुना ठरवून पुढे जाणे सोपे आहे. मला मात्र तो एका प्रदीर्घ परंपरेचा मूळपुरुष वाटतो. कारण आज मालदीवच्या किंवा जमैकाच्या एखाद्या सर्वसमावेशक रिसॉर्टमध्ये, जिथे खोली, भोजन, मद्य आणि जलक्रीडा या सर्वांचे मूल्य एकरकमी आगाऊ चुकते केलेले असते, तिथे पाठीवर हवेची टाकी चढविण्याआधी पाहुण्यापुढे आरोग्याची जी प्रश्नावली ठेवली जाते, ती त्या जुन्या अनुमतीचीच वंशज आहे. माणूस पाण्याखाली जाण्यास योग्य आहे, हे कोणी ठरवायचे आणि तो परत आला नाही तर जाब कोणी द्यायचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. मधल्या काळात एवढेच झाले की, ही जबाबदारी मांत्रिकाकडून सरकारकडे, सरकारकडून वैद्याकडे आणि वैद्याकडून अखेर बुडी मारणाऱ्याच्याच सहीकडे सरकत गेली.

वैद्याचा या व्यवहारात प्रवेश झाला तो समुद्रामुळे नव्हे, पुलांमुळे. नदीच्या तळाशी पुलाचा पाया घालण्यासाठी तळ नसलेली एक प्रचंड पेटी पाण्यात उतरवावयाची, तिच्यात दाबाखालची हवा भरून पाणी बाहेर लोटावयाचे आणि आत मजुरांनी गाळ उपसत राहावयाचे, ही केसन नावाच्या पेटीची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये रूढ झाली. अशा पेटीतून बाहेर आलेल्या मजुरांचे सांधे असह्य दुखू लागतात, काहींचे पाय लुळे पडतात, काही मरतात, हे ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी 1854 साली एक मार्मिक निरीक्षण नोंदविले: दाबाखाली असेपर्यंत मजुराला काही होत नाही, त्याला किंमत मोजावी लागते ती बाहेर येताना. आज ज्याला पाण्याखालचे वैद्यक म्हणतात, त्याचे बीज या एका निरीक्षणात आहे. पण त्याचा अर्थ लागण्यास आणखी चोवीस वर्षे जावी लागली.

दरम्यान अमेरिकेत दोन पूल बांधले गेले, आणि दोन्हींच्या बांधकामाने या विषयाला आपापला डॉक्टर दिला. सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवरील, ईड्स या अभियंत्याच्या पुलाच्या कामावर डझनाहून अधिक मजूर या आजाराने दगावले. तिथे नेमलेला डॉक्टर जामिने स्वतः 1870 साली पेटीत उतरला, घाईने वर आला आणि घरी पोहोचताच अंथरुणाला खिळला. बरा झाल्यावर त्याने कामाच्या पाळ्या आखूड केल्या आणि बाहेर येण्याची गती कमी करविली. स्वतःच्या देहावर बेतल्याखेरीज नियम सुचत नाहीत, हा अनुभव या इतिहासात पुनःपुन्हा येतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर डॉक्टर अँड्र्यू स्मिथची नेमणूक झाली. त्याने उपचाराची गरज पडलेल्या 110 रुग्णांची नोंद ठेवली, या विकाराला केसनचा आजार हे नाव दिले, आणि मजुरांसाठी एक नियमावलीच तयार केली: रिकाम्या पोटी आत जाऊ नये, बाहेर येताच अंगावर जास्तीचे कपडे चढवावेत, थोडा वेळ स्वस्थ पडून राहावे, मद्य जपून घ्यावे. स्थूल मनुष्यास हा विकार अधिक होतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. पाण्याखालच्या कामासाठी माणसांमध्ये योग्य आणि अयोग्य अशी वैद्यकीय निवड करण्याचा विचार इतक्या स्पष्टपणे मांडलेला त्याआधी माझ्या तरी वाचनात नाही. गंमत अशी की, ज्या पुलावर हे सारे घडले, त्याचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाच 1872 साली या विकाराने जायबंदी झाला, आणि पुढची अकरा वर्षे त्याचे हुकूम त्याची पत्नी एमिली कामावर पोहोचवीत राहिली.

कारणाचा उलगडा केला तो पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने, 1878 साली. दाबाखाली घेतलेल्या हवेतील नत्रवायू रक्तात आणि मेदात विरघळत राहतो, आणि दाब एकाएकी उतरला की, गोटी सोड्याच्या बाटलीची गोटी दाबताच आतला वायू जसा फसफसून वर येतो, तसा तो बुडबुड्यांच्या रूपाने मोकळा होऊन रक्तवाहिन्या अडवतो, हे त्याने प्रयोगांनी सिद्ध केले. हळू वर या, एवढा उपदेश त्यातून निघाला. पण हळू म्हणजे किती हळू, हे बेरला सांगता आले नव्हते. ते काम ब्रिटिश आरमाराच्या सांगण्यावरून जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने हाती घेतले. त्याने लोखंडी दाबकक्षात बकऱ्या कोंडून, त्यांना वेगवेगळ्या दाबाखाली ठेवून आणि बाहेर आल्यावर त्यांतली कोणती लंगडते हे पाहून असा निष्कर्ष काढला की, एकूण दाब निम्म्यावर आणला तरी देह तो सहन करतो, मात्र त्यापुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावे लागते. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह त्याने 1908 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील कोष्टके आरमाराने स्वीकारली, आणि किती खोल, किती वेळ, वर येताना कुठे किती मिनिटे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाणबुड्याला प्रथमच छापील स्वरूपात मिळाली. आज मनगटावरचे जे यंत्र पाण्याखाली हा सगळा हिशेब क्षणोक्षणी करते, त्याच्या पोटात त्याच बकऱ्यांची पुण्याई आहे.

इथवरच्या इतिहासातले पाणबुडे, तांब्याचे शिरस्त्राण घालणारे असोत की पेटीत उतरणारे असोत, कोणाच्या तरी चाकरीत होते. त्यांच्यावर मुकादम होता, वर हवेच्या पंपावर माणूस होता, दोर धरणारा होता. 1782 साली स्पिटहेडला बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजाचे अवशेष काढण्याचे काम 1839 पासून कर्नल पॅस्ली यांच्या देखरेखीखाली चालले, तेव्हा त्यांनी माणसे जोडीने उतरविण्याची शिस्त घातली. बुडी एकट्याने मारू नये, हा आज प्रत्येक नवशिक्याला शिकवला जाणारा नियम त्या लष्करी शिस्तीतून आलेला आहे. चाकरी होती म्हणून हुकूम होता, आणि हुकूम होता म्हणून नियम पाळला जात असे.

ही चाकरीची साखळी तुटली ती 1943 साली. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेनासे झाल्याने मोटारी गॅसवर चालत, आणि त्या गॅसचा पुरवठा मागणीप्रमाणे करणारी झडप एमिल गान्याँ या अभियंत्याने बनविली होती. फ्रेंच आरमारातला अधिकारी झाक-इव्ह कूस्तो त्याच्याकडे गेला आणि दोघांनी मिळून ती झडप श्वासाला जोडली. वरचा पंप नको, दोर नको, मुकादम नको. पाठीवर टाकी, तोंडात नळी, आणि माणूस मोकळा. कूस्तोच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला 1956 साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि पाण्याखालची ती निळी दुनिया पाहून ज्यांचा समुद्राशी कवडीचा संबंध नव्हता अशांनाही तिथे जावेसे वाटू लागले. जो उद्योग शतकानुशतके पोटासाठी पत्करला जात होता, तो पदरचे पैसे मोडून करण्याचा छंद झाला. पण पाण्याचे नियम काही सैलावले नाहीत. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाडते, आणि त्यासाठी 2 मीटरची खोलीही पुरते. कानाच्या पडद्यामागे ज्याला दाब साधता येत नाही, त्याचा पडदा फाटतो. ज्याच्या छातीत दम्यामुळे हवा अडकून राहते किंवा ज्याचे हृदय अशक्त आहे, त्याला वर येणे किंवा लाटेविरुद्ध पोहणे जीवावर बेतू शकते.

म्हणून पहिली वीस वर्षे हौशी पाणबुड्यांच्या मंडळांनी आपल्यावर आपणच अंकुश घालून घेतला. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब 1953 साली लंडनमध्ये स्थापन झाला आणि त्याने सभासदांकडून डॉक्टरी दाखला मागण्याची रीत पाडली. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस परगण्याने 1954 साली स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेकडून धडे घेऊन सार्वजनिक प्रशिक्षण सुरू केले. 1960 साली नावी आणि 1966 साली पाडी या प्रशिक्षण-संस्था निघाल्या, आणि त्यांच्या ओळखपत्राखेरीज दुकानदाराने टाकीत हवा भरून द्यावयाची नाही, असा अलिखित पण कडक शिरस्ता पडला. त्यामागे सरकारी कायद्याची धास्ती होती, हे उघड आहे; आपण सुधारलो नाही तर सरकार सुधारील, या भयाने पुष्कळ धंदे शहाणे झाले आहेत. अमेरिकेत ती युक्ती फळाला आली, आणि 1977 साली व्यावसायिक पाणबुड्यांसाठी संघराज्याचा नियम झाला, तेव्हा करमणुकीच्या बुडीचे शिक्षण देणारे त्यातून बरेचसे वगळले गेले. नियम करतानाची एक कथा मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. वर येण्याची गती किती असावी, यावर अमेरिकी आरमारात 1950 च्या दशकात वाद पडला. पोहत जाणाऱ्या तरुण पाणबुड्यांना मिनिटाला 100 फूट हवे होते, जड पोशाखवाल्या जुन्यांना ते अशक्य वाटे आणि त्यांना त्याच्या कितीतरी कमी हवे होते. अखेर मिनिटाला 60 फूट, म्हणजे सेकंदाला एक फूट, ही सोयीस्कर तडजोड झाली आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या पुस्तकांत ती शास्त्रवचन म्हणून छापली गेली. पुढे ही गती निम्म्यावर आणली गेली, आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची सवय लावली गेली.

आता रिसॉर्टकडे वळू. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन जलपटूने 1950 साली माजोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबू ठोकून एकरकमी वर्गणीची जी सुट्टीची वसाहत वसविली, तीच पुढे क्लब मेडिटेरानी या नावाने प्रसिद्धीस आली. तिथे जेवण, दारू-द्राक्षरस, खेळ सारे त्या वर्गणीतच. बाकी फुटकळ खर्चासाठी गळ्यातल्या मण्यांचे चलन निघाले. समुद्राखालची शिकार आणि बुडी हे त्या वसाहतींचे प्रारंभापासूनचे आकर्षण होते. कॅरिबियन बेटांवर ही पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस रुजली. जमैकात माँटेगो बे येथे 1981 साली सँडल्स हे रिसॉर्ट निघाले, आणि ओळखपत्रधारक पाणबुड्यास बुडी भाड्यातच, अशी त्यांची जाहिरात झाली. ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, त्याच्यासाठी तलावात तासाभराचा परिचय-पाठ आणि मग प्रशिक्षकाच्या हाताला धरून 12 मीटरपर्यंतची बुडी, असा एक आखूड मार्ग निघाला. शिकून ओळखपत्र मिळविलेल्या नवशिक्यास 18 मीटर आणि करमणुकीच्या बुडीची कमाल 40 मीटर, ही मोजमापे त्याच सुमारास जगभर रुळली.

या आखूड मार्गाने जाणाऱ्या पाहुण्याची तपासणी करायला वेळ नव्हता आणि बेटावर डॉक्टरही नव्हता. म्हणून प्रशिक्षण-संस्थांनी एकत्र येऊन हो-नाही उत्तरांची एक समान प्रश्नावली प्रचारात आणली: कान, छाती, हृदय, फेफरे, मधुमेह, मनाचे आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. सर्व उत्तरे नकारार्थी असली तर खाली सही करावी; एक जरी होकार आला तर डॉक्टरची सही आणावी. पाण्याखालच्या वैद्यकाच्या जाणकारांनी 2020 साली ही प्रश्नावली नव्याने रचली. पहिल्या पानावर दहा प्रश्न, वय 45 ओलांडले असेल तर पुढच्या पानावर आणखी खोदून विचारणा, आणि गर्भवतीने बुडी मारूच नये असे स्पष्ट बजावणे. दम्याचा रोगी सरसकट अपात्र, हा जुना दंडक 1995 नंतर सैल झाला आणि प्रत्येकाची फुप्फुसे तपासून ठरवावे, असे मत पुढे आले.

केवळ सहीवर विसंबणारी ही पद्धत निष्काळजीपणाची, असे प्रथमदर्शनी वाटते. मलाही वाटत असे. परंतु स्कॉटलंडमधल्या हौशी पाणबुड्यांच्या सक्तीच्या तपासण्यांचे 1990 च्या दशकातील कागद धुंडाळून तिथल्या डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, नुसत्या शारीरिक तपासणीने उघडकीस आलेले, आणि प्रश्नावलीने आधीच सांगितले नव्हते, असे काही महत्त्वाचे दोष जवळपास नव्हतेच. जे सापडले ते माणसाने स्वतः कबूल केले होते म्हणून सापडले. तेव्हा ब्रिटनमधल्या पाणबुड्यांच्या मंडळांनी 2001 साली सक्तीची तपासणी सोडून स्वघोषणेचा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियात मात्र दीर्घकाळ डॉक्टरी तपासणीचा आग्रह राहिला. आणि 1998 साली ग्रेट बॅरियर रीफवर एक नौका दोन पाहुण्यांना समुद्रातच विसरून परतल्यानंतर क्वीन्सलँडने माणसे मोजण्याचे आणि नोंदवहीत नोंद करण्याचे नियम फार काटेकोर केले. ड्यूक विद्यापीठात 1980 साली सुरू झालेल्या डॅन या पाणबुड्यांच्या सुरक्षा-संस्थेने 1992 ते 2003 या काळातील हौशी पाणबुड्यांच्या 947 मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा हृदयविकाराशी निगडित निघाला. शार्कने किती मारले, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो, आणि मन्नारच्या मांत्रिकाचा मुख्य शत्रू मुळात चुकीचा होता, हे ध्यानात येते.

सही पुरेशी आहे, असे मानले तरी ती खरी असावी लागते, आणि इथेच सर्वसमावेशक रिसॉर्टची रचना आडवी येते. क्लबात माणूस आठवड्यामागून आठवडे शिकत असे. आपल्या सोबत्यांपुढे तो दमा लपवील कसा? रिसॉर्टमध्ये तो चार रात्रींचा पाहुणा असतो. पैसे आगाऊ दिलेले, पत्नीची हौस, उद्याचे विमान, आणि होकाराला डॉक्टरच्या सहीची अट. प्रश्नावली हाती आली की एखादा होकार नकारात बदलण्याचा मोह फारसा दुर्बोध नाही. बुडी नाकारली तर पैसे परत नाहीत, असे ज्या तक्त्यात लिहिलेले असते, तो तक्ता पाहुण्याला खोटे लिहायला शिकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मनगटपट्ट्यावर सकाळी टाकी मिळते त्याच पट्ट्यावर रात्री हवे तितके मद्य मिळते, याकडेही डॉक्टर स्मिथने लक्ष वेधले असते. सही प्रशिक्षकाला न्यायालयात वाचवील. पाण्याखाली ती कोणालाच वाचवत नाही.

मालदीवने या बाबतीत थोडी शहाणीव दाखविली आहे. 1972 साली पहिले रिसॉर्ट निघालेल्या त्या देशात आता नवविवाहित मराठी जोडपी मोठ्या संख्येने जातात. तिथल्या सरकारने 2003 च्या नियमावलीने करमणुकीच्या बुडीची मर्यादा जगातील रूढ 40 मीटरऐवजी 30 मीटर केली आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागेल अशी बुडी निषिद्ध ठरविली. बांडोस बेटावर उपचारासाठी दाबकक्षही आहे. आपल्याकडे मालवण आणि तारकर्लीच्या पाण्यात, सिंधुदुर्गाच्या छायेत, पोहता न येणाऱ्याला हात धरून काही मीटर खाली नेऊन आणण्याचा व्यवसाय गेल्या दोन दशकांत भरभराटीस आला, आणि पर्यटन महामंडळाने तारकर्लीस प्रशिक्षण-संस्थाही काढली. तिथे उथळ पाण्यात एक फेरी मारून आंबोलीच्या घाटाने परतणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. पण ज्याने दिवसभर अनेक खोल बुड्या मारल्या आणि संध्याकाळी सुमारे 700 मीटर उंचीच्या, म्हणजे हवेचा दाब आणखी कमी असलेल्या आंबोलीवरून गाडी हाकली, त्याने घाट चढण्याआधी काही तास किनाऱ्यावर काढावेत, ही सूचना तिथल्या फलकांवर ठळक असावयास हवी.

वाचकांपैकी कोणी या हंगामात असल्या सुट्टीवर निघणार असेल, तर त्याने रिसॉर्टकडून आरोग्याची प्रश्नावली महिनाभर आधी घरीच मागवावी, ती आपल्याला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरपुढे ठेवावी, होकार असेल तिथे होकारच लिहावा, आणि शेवटच्या बुडीनंतर परतीचे विमान एका बुडीसाठी किमान 12 तास आणि अनेक बुड्यांसाठी किमान 18 तास पुढे राहील, असेच तिकीट काढावे.